रंग गेला, पाणी शुद्ध झाले का?

वाळू, खडी आणि कोळशाची गाळणी हा शालेय विज्ञान प्रदर्शनातला जुना पाहुणा. वरून शाईचे पाणी ओतायचे, खालून फिकट पाणी आले की ‘पाणी शुद्ध झाले’ असे मुलांनी सांगायचे. प्रयोग सोपा आहे, मुलांना आवडतोही. पण निष्कर्ष चुकीचा आहे, आणि जिथे विहिरीचे पाणी पितात तिथे धोक्याचाही.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या कालव्यांखाली उसाचे मळे आहेत, साखर कारखाने आहेत आणि पाचट मुबलक आहे. पाचट शेतातच पेटवून देण्याऐवजी त्याचा कोळसा करण्याची भट्टी डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने तयार केली; २००२ साली त्या कामाला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पाचट बंद पिंपात भाजायचे आणि त्यातून सुटणारा वायू जाळून तीच उष्णता पुन्हा भट्टीला द्यायची, अशी ही युक्ती. मात्र तो कोळसा चुलीत जाळण्यासाठी होता. ऊसपट्ट्यातल्या शाळेला तोच गाळणीत भरावासा वाटणे साहजिक आहे. फलकावर ‘बायोचार’ लिहिले की शोभूनही दिसते!

अडचण छिद्रांची आहे. साध्या कोळशातली बरीचशी छिद्रे डांबराने बुजलेली असतात. पाचटाच्या कोळशात शिवाय सिलिकायुक्त राख असते. तो ८०० ते १००० अंश सेल्सिअसला वाफेत तापवला, की वाफ कार्बनला अक्षरशः खाते. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन निघून जातात, मागे असंख्य पोकळ्या राहतात. वजन घटते, पण एका ग्रॅममागे पृष्ठभाग हजार चौरस मीटरपर्यंत जाऊ शकतो. हा सक्रिय कोळसा. हे काम फॉस्फोरिक आम्ल किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरूनही करतात. यांतले काहीही वर्गात करून पाहू नये.

छिद्रे किती, याइतकेच ती केवढी हेही महत्त्वाचे. करवंटीच्या सक्रिय कोळशातली छिद्रे फार बारीक, म्हणून तो वायू आणि लहान रेणू उत्तम धरतो. उसाच्या रसातले रंगद्रव्यांचे रेणू मोठे. एकोणिसाव्या शतकात युरोपात साखर पांढरी करायला रुंद छिद्रांचा, हाडांचा कोळसा वापरीत. (आपले बहुतेक कारखाने चुना आणि गंधकाचा धूर वापरतात.) सुपरकॅपॅसिटरसाठी तर कोळशातून वीजही नीट वाहावी लागते. ‘पाचटापासून बॅटरी’ म्हणणाऱ्या फलकाला म्हणूनच विचारावे: राख धुतली होती का? रोध मोजला का?

गाळणीच्या प्रयोगात आणखी एक खोट आहे. काहीजण शाईऐवजी पोटॅशियम परमँगनेट घेतात. कार्बन त्याचे क्षपण करतो, म्हणून रंग जातो. ते अधिशोषण नव्हेच. शाई वापरली तरी गाळणकागदही रंग शोषतो. तेव्हा कोळशाशिवायची एक गाळणी शेजारी हवीच.

आणि विहिरीच्या पाण्याचे काय? कालव्याच्या अतिसिंचनाने प्रवरा खोऱ्यात जमिनी क्षारपड झाल्या आहेत. पाण्यात विरघळलेले क्षार किंवा खतांतून येणारे नायट्रेट साधा कोळसा अडवत नाही. जंतूंचीही तो खात्री देत नाही. मुलांना शाईऐवजी गावच्याच विहिरीचे पाणी गाळायला द्यावे. गाळण्यापूर्वीचे आणि नंतरचे पाणी सारखे मोजून दोन बशांत उन्हात आटवावे, आणि बशांच्या तळाशी उरलेले पांढरे थर मुलांनीच ताडून पाहावेत.