टाकीतला वाघ आणि ऑक्टेनचा आकडा

१९६० च्या दशकात एस्सो कंपनीच्या जाहिरातींतून एक वाघ युरोप-अमेरिकेच्या रस्तोरस्ती दिसू लागला. आमचे पेट्रोल घ्या, म्हणजे टाकीत वाघच शिरला असे समजा, असा त्या जाहिरातीचा मथितार्थ होता. जाहिरात म्हणून ती अव्वल होती, यात शंका नाही. पण तिने एक समजूत घट्ट रुजवली, ती अशी की गाडीची ताकद पेट्रोलात असते आणि पंपावरचा आकडा जितका मोठा तितका वाघ मोठा. जाहिरातीकडून यापेक्षा वेगळी अपेक्षा नसते. आमची तक्रार आहे ती वर्गात सांगितल्या जाणाऱ्या वाक्याबद्दल. ‘ऑक्टेन अंक पेट्रोलचा दर्जा दाखवतो’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत पूर्ण गुण मिळवून देते. प्रत्यक्षात ते त्या वाघाचेच सभ्य भाषांतर आहे. युरोपातल्या जुन्या गाड्या आजही चालवणाऱ्यांना या वाक्याची किंमत मोजावी लागते, म्हणून त्याची तपासणी त्याच गाड्यांच्या साहाय्याने करू या.

आधी व्याख्या. १९२० च्या दशकात अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहॅम एडगर यांनी दोन शुद्ध द्रवांची मोजपट्टी सुचवली. आयसो-ऑक्टेनला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० अंक दिला. ज्या पेट्रोलचे वर्तन ९५ भाग आयसो-ऑक्टेन व ५ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे, त्याचा अंक ९५. इथे ‘वर्तन’ हा शब्द कळीचा आहे. पुष्कळ विद्यार्थी तो गाळतात आणि ‘९५ ऑक्टेनच्या पेट्रोलात ९५ टक्के ऑक्टेन असते’ असे लिहितात. पेट्रोल हे शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. अंक त्याची घटना सांगत नाही. एका ठरावीक चाचणी-इंजिनात ते कसे वागले, एवढेच सांगतो.

हे वागणे कशाबाबतचे? सिलिंडरमध्ये ठिणगी पडली की ज्वाळा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. पुढचा न जळालेला वायू या काळात दाबला जातो आणि तापतो. ज्वाळा पोचण्यापूर्वीच तो आपोआप पेटला, तर दाब एकदम उसळतो, त्याच्या लहरी धातूवर आदळतात आणि इंजिनातून टकटक ऐकू येते. यालाच नॉकिंग म्हणतात. ते फार काळ चालले तर दट्ट्याला भोक पडू शकते. आपोआप पेटण्याला पेट्रोल किती विरोध करते, याचा अंक म्हणजे ऑक्टेन अंक. म्हणजे हा अंक ताकदीचा नसून संयमाचा आहे.

मग ताकदीशी त्याचा काहीच संबंध नाही का? आहे, पण तो इंजिनामार्फत. दट्ट्या मिश्रण किती पट दाबतो, या संपीडन-गुणोत्तरावर इंजिनाची कार्यक्षमता अवलंबून असते. जास्त दाब सोसणारे पेट्रोल मिळाले, तर अभियंता जास्त संपीडनाचे इंजिन बांधू शकतो. परंतु इंजिन बांधून झाल्यावर, त्याच्या गरजेपेक्षा वरचा अंक जुन्या, साध्या इंजिनाला काहीच देत नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी साब कंपनीने टर्बो गाड्यांत नॉकिंग ओळखणारा संवेदक बसवला. अशा इंजिनांना पेट्रोलचा फरक कळतो आणि ती आपले वागणे बदलतात. त्याआधीच्या बहुतेक गाड्या या बाबतीत बहिऱ्या आहेत.

‘वरचा अंक म्हणजे जास्त ऊर्जा’ ही समजूत मोडायला एक उदाहरण पुरते. इथेनॉलचा ऑक्टेन अंक सुमारे १०८ आहे, म्हणजे पेट्रोलपेक्षा बराच वर. पण एक लीटर इथेनॉलमधून मिळणारी ऊर्जा सुमारे २१ मेगाज्यूल, तर पेट्रोलमधून सुमारे ३२. अंक चढला, ऊर्जा उतरली. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, तर पुढचे व्याख्यान निम्मे होते.

आता तीन गाड्या समोर ठेवू. पहिली १९६० च्या दशकातली जर्मन फोक्सवॅगन बीटल १२००. तिचे संपीडन अवघे ७ पट. दुसरी ब्रिटिश एमजीबी, ८.८ पट. तिसरी इटालियन आल्फा रोमिओ जूलिया, ९ पट. बीटलला साध्यातले साधे पेट्रोल चालते. तिच्यात ९८ चे महाग पेट्रोल ओतणे म्हणजे सायकलला विमानाचे तिकीट काढणे होय. उरलेल्या दोघींना वरचा अंक खरोखर लागतो. ब्रिटनमध्ये पंपांवर ताऱ्यांची पद्धत होती, तेव्हा एमजीबीसाठी किमान ९७ अंकाचे ‘चार तारे’ पेट्रोल सांगितले जाई.

इथवर आकडा उपयोगी ठरला. गफलत पुढे होते. चार ताऱ्यांच्या पेट्रोलला ९७ अंक मिळत होता, त्यात शिशाचा मोठा हात होता. टेट्राएथिल लेड नॉकिंग थांबवते, हे १९२१ मध्ये टॉमस मिजली यांनी दाखवले. त्याचे विष हवेत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. या कारणाने शिसे टप्प्याटप्प्याने बंद झाले. युरोपीय संघात १ जानेवारी २००० पासून सर्वसाधारण विक्रीवर बंदी आली. जगात शेवटी अल्जीरियाने २०२१ मध्ये ते थांबवले. टाकीतल्या वाघाने ही गोष्ट कधी सांगितली नव्हती.

शिसे गेल्यावर एमजीबीच्या मालकापुढे एक नव्हे, दोन प्रश्न उभे राहिले. पहिला ऑक्टेनचा, दुसरा झडपांचा. शिशाच्या संयुगांचा पातळ थर एक्झॉस्ट झडप आणि तिची बैठक यांच्यामध्ये वंगणासारखे काम करी. एमजीबीच्या ओतीव लोखंडी हेडमध्ये ही बैठक थेट त्या लोखंडातच कापलेली असते. थर नाहीसा झाला की तापलेली झडप बैठकीचे कण ओढून काढते आणि हळूहळू आत रुतते. ९८ ऑक्टेनचे बिनशिशाचे पेट्रोल पहिला प्रश्न सोडवते, दुसऱ्याला हातही लावत नाही. त्यासाठी कठीण धातूची बैठक बसवून घ्यावी लागते किंवा तपासून प्रमाणित केलेले पूरक द्रव्य मिसळावे लागते. बीटल आणि आल्फा यांच्या ॲल्युमिनियम हेडमध्ये बैठकीची वेगळी कडी मुळातच असते, त्यामुळे ही काळजी त्यांना बरीच कमी. म्हणजे आल्फाला ऑक्टेन हवे पण शिशावाचून चालते, एमजीबीला दोन्हींची सोय पाहावी लागते आणि बीटलला दोन्हींची फारशी फिकीर नाही. ‘दर्जा’ या एका शब्दात या तीन गाड्या कशा बसवायच्या?

तिसरा प्रश्न इथेनॉलचा. ग्रेट ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून नेहमीच्या ९५ च्या पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत गेले. ९७ आणि त्यावरच्या ‘सुपर’ पेट्रोलात मात्र ५ टक्क्यांचीच मर्यादा राहिली. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या, कॉर्कची गॅस्केटे आणि काही धातू यांना मानवत नाही. ते ओलावा शोषते. शिवाय त्यात ऑक्सिजन असल्यामुळे ठरावीक जेटच्या कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण थोडे विरळ होते. इथे ही काळजी तिन्ही गाड्यांना सारखीच आहे. त्यामुळे आज एखादा बीटलमालकही ‘सुपर’ भरतो आणि ते शहाणपणाचे ठरू शकते. पण कारण विचाराल, तर तो वरचा अंक दाखवेल. निर्णय बरोबर, कारण चूक. गणिताच्या वहीत अशा उत्तराला आपण किती गुण देतो?

आकड्यावरच्या या भक्तीने आणखी एक नुकसान होते. इंजिनाची ऑक्टेनची गरज कायम राहत नाही. दहनकक्षात काजळी साचली की जागा कमी होते, संपीडन वाढते आणि तापलेले ठिपके तयार होतात. रिंगा झिजून तेल वर येऊ लागले, तर ते मिश्रणाची सहनशक्ती घटवते. डिस्ट्रिब्यूटरच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या, तर ठिणगी वेळेआधी पडते. रेडिएटर चोंदला किंवा कुठून हवा आत शिरली, तरी टकटक सुरू होते. अशा वेळी वरच्या अंकाचे पेट्रोल आवाज दाबते, पण रोग तसाच ठेवते. तापाची गोळी घेऊन कामावर जाण्यासारखेच हे. आधी ठिणगीची वेळ, मिश्रण आणि शीतन तपासावे, मग पंपाकडे पाहावे, हा जुन्या मेकॅनिकचा क्रम शास्त्रशुद्ध आहे.

आणि तो आकडा तरी एकच आहे का? चाचणी-इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांनी चालवून मिळतो तो रिसर्च अंक. मिश्रण आणखी तापवून ९०० फेऱ्यांवर मिळतो तो मोटर अंक आणि तो बहुधा कमी भरतो. युरोपातल्या पंपावर पहिला लिहितात, अमेरिकेतल्या पंपावर दोहोंची सरासरी. युरोपात ज्यावर ९५ लिहिलेले असते, त्याच पेट्रोलवर अमेरिकेत साधारण ९० किंवा ९१ दिसेल. मोजण्याची रीत सांगितल्याशिवाय आकडा अपुरा असतो, हा धडा याहून सोप्या रीतीने शिकवता येणार नाही.

हा विषय आपल्याही दारात आहे. फियाट ११०० वरून मुंबईत कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी ही वंशाने युरोपीय गाडीच. टॅक्सी म्हणून ती २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली, पण हौसेने जपलेल्या पद्मिनी अजून आहेत. भारतात शिशाचे पेट्रोल २००० साली बंद झाले आणि २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वदूर पोचले. त्याचा ऑक्टेन अंक सुमारे ९५ आहे, आधीच्या साध्या पेट्रोलपेक्षा वर. वरच्या आकड्यांवरून हिशोब केला, तर लीटरमागे ऊर्जा मात्र सुमारे ७ टक्क्यांनी कमी. ‘दर्जा वाढला की घटला’ असे विद्यार्थ्यांना विचारून पाहावे. जो विद्यार्थी ‘कशासाठी?’ असा उलट प्रश्न करील, त्याला विषय समजला असे खुशाल मानावे.

तेव्हा आमची सूचना एवढीच. ‘ऑक्टेन अंक पेट्रोलचा दर्जा दाखवतो’ हे वाक्य काढून ‘ठरावीक चाचणीत पेट्रोल नॉकिंगला किती विरोध करते, हे ऑक्टेन अंक दाखवतो’ असे लिहावे. वाक्य थोडे लांबते आणि पाठ करायला अवघड जाते, हे खरे. पण त्यात वाघ नाही, आणि पुढचा प्रश्न विचारायला जागा आहे.