आमच्या प्रवासवर्णनांतील मुक्कामाची रात्र

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार आमच्या सुशिक्षित कुटुंबांत मोठ्या आवडीने वाचला जातो. दुपारच्या निवांत वेळी गृहिणी ज्या पुस्तकाने घरबसल्या काशी पाहतात आणि मुले हिमालय चढतात, त्या पुस्तकांविषयी कृतज्ञता बाळगणे हेच उचित होय. तथापि या पुस्तकांतील एक उणीव आम्हांस फार दिवसांपासून खटकत आली आहे. आमचा प्रवासी लेखक दिवस सांगतो, रात्र सांगत नाही. किल्ल्याची तटबंदी, देवळाचा सभामंडप, डोंगरामागून उगवणारा सूर्य, सारे यथास्थित येते. परंतु हा गृहस्थ आदल्या रात्री निजला कोठे, दार कोणी उघडले, भाडे काय पडले आणि आत घेण्यापूर्वी त्याला काय विचारले गेले, याविषयी बहुधा एक ओळही नसते.

हा विचार आमच्या मनात नव्याने आला तो गारगोटी येथे. कोल्हापूरच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरांवर, वेदगंगेच्या काठी वसलेले हे भुदरगड तालुक्याचे गाव. प्रवासवर्णनकारास येथे सामग्रीची वाण नाही. भुदरगड किल्ला जवळ आहे. पाटगावी मौनी महाराजांचा मठ आहे. १३ डिसेंबर १९४२ रोजी येथील कचेरीवर चालून गेलेल्या सात वीरांनी प्राण वेचले, त्यांची स्मृती गाव जपून आहे. आणि १९५२ साली डॉ. जे. पी. नाईक यांनी स्थापिलेले मौनी विद्यापीठ येथेच आहे. हे सर्व दिवसाचे. रात्री आम्ही एका स्वस्त लॉजमध्ये उतरलो. तीन खाटांची खोली, दोऱ्या बांधून टांगलेली मच्छरदाणी, बाहेर सामाईक न्हाणीघर, आणि जिन्याच्या तोंडाशी उघडी पडलेली एक लांबट वही. तीत नाव, गाव, येण्याचे कारण व सोबतची माणसे असे रकाने होते. आमचे नाव व्यवस्थापकाने मान वर न करता लिहिले, ओळखपत्र पाहून परत दिले, किल्ली हाती ठेवली. या व्यवहारात वर्णन करण्याजोगे काय आहे, असे कोणीही म्हणेल. आम्हीही त्या घटकेपर्यंत तसेच म्हटले असते.

आमच्या भाषेतील प्रवासकथनाचा मानदंड म्हणून विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’कडे बोट दाखविले जाते, व ते यथार्थच आहे. १८५७ साली वरसईहून द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक ब्राह्मण बंडाच्या धुमाळीत सापडला, झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला, मिळविलेले लुटारूंच्या हाती घालविले, आणि तरीही गंगेची कावड घेऊन घरी परतला. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ते प्रसिद्ध केले. या पुस्तकात मुक्काम आहेत. भय, भूक, वणवण सारे आहे. परंतु एक गोष्ट त्यात गृहीत धरलेली आहे: परमुलखातही आपल्या जातीचे, आपल्या विद्येचे कोणी भेटले की ओसरी मिळते. गोडसे भटजींचे नाव आणि वेदपठण हेच त्यांचे ओळखपत्र होते. यात त्यांचा दोष नाही. पण टीकाकाराने ते पाहिलेच पाहिजे.

कारण दुसरीही एक कहाणी आहे. १९१७ साली परदेशी विद्या संपादून बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यास आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस त्या शहरात उतरावयास जागा मिळेना. अखेर एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव नोंदवून ते राहिले. वरच्या मजल्यावर मोडक्या सामानाने भरलेल्या दिवाणखान्यात, दररोज दीड रुपया देऊन. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव जिना चढून आला. त्याच लेखनात त्यांनी बालपणीची एक रात्र सांगितली आहे: मसूर स्टेशनावर उतरून वडिलांकडे गोरेगावास निघालेली मुले, आणि टोलनाक्यापाशी जवळ अन्न असूनही पाण्यावाचून काढलेली ती रात्र. हे लेखन बाबासाहेबांनी इंग्रजीत केले आणि ते ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने त्यांच्या पश्चात १९९० साली पुस्तिकारूपाने बाहेर आले. मराठी मुलखातल्या रात्रीचे इतके नेमके वर्णन आमच्या प्रवासवाङ्मयाच्या चर्चेत कधी आले आहे काय?

ज्या संस्थानात गारगोटी होती, त्या करवीरच्या शाहू छत्रपतींस या प्रश्नाचे मर्म पुरते कळले होते. १९०१ पासून त्यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास आरंभ केला. आणि १९१९ साली धर्मशाळा, सरकारी इमारती, पाणवठे येथे अस्पृश्यता पाळू नये असा हुकूम काढला. शाळेआधी विद्यार्थ्याला निजावयास जागा हवी, हे राजाला उमजले. लेखकांस मात्र ते लिहिण्याजोगे वाटले नाही.

आमचे म्हणणे असे की, मुक्कामाची रात्र ही प्रवासवर्णनाची कसोटी मानावी. ती मानली तर आमच्या वाङ्मयाची मांडणीच बदलेल. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ हे पुस्तक, ज्यास १९८१ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले, ते आपण आत्मचरित्रांच्या फळीवर ठेवतो. पण गाढवांवर संसार लादून गावोगाव फिरणाऱ्या, गावाबाहेर पाल ठोकणाऱ्या कैकाडी कुटुंबाची ती कथा प्रवासाची नव्हे तर कशाची? त्या पुस्तकास प्रवासवर्णन म्हणावयाचे आपणांस सुचत नाही, कारण प्रवास म्हणजे घर असलेल्या माणसाने हौसेने केलेली गोष्ट, असे आपण ठरवून टाकले आहे.

कोणी म्हणतील, संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने उपाहारगृहे व हॉटेले सर्वांस खुली केली, मग हा जुना पाढा कशास? त्यांस आम्ही गारगोटीची एवढीच हकीकत सांगतो. आमच्या मागोमाग परीक्षेसाठी आलेला एक तरुण त्या वहीपाशी उभा राहिला. व्यवस्थापकाने त्यासही आमच्याइतक्याच निर्विकारपणे नाव विचारले. त्याने स्वतःचे व वडिलांचे नाव चटकन सांगितले. आडनावापाशी मात्र तो क्षणभर थांबला, मग हलकेच उच्चारले. त्यासही किल्ली मिळाली. शेजारच्या खाटेवर तो रात्री उशिरापर्यंत वाचीत बसला होता. तो का थांबला, हे विचारण्याचा धीर आम्हांस झाला नाही. आपण कधी असे थांबलो होतो काय, हे आठवून पाहिले, आठवले नाही.

सकाळी आम्ही भुदरगड पाहण्यास गेलो. त्याचे वर्णन पूर्वी पुष्कळांनी केले आहे, म्हणून येथे करीत नाही.