‘दाह’ या संज्ञेची मर्यादा : मल्टिपल स्क्लेरोसिसच्या संदर्भात

मल्टिपल स्क्लेरोसिस पुण्याला परका नाही. नोशीर वाडिया व भाटिया यांनी १९९० साली मुंबई-पुण्यातील पारशी समाजात त्याचे प्रमाण लक्षणीय असल्याचे दाखवून दिले होते. मराठी परिभाषा मात्र एका शब्दापाशी अडली आहे. बुधवार पेठेतील दुकानांत विकल्या जाणाऱ्या मराठी आरोग्यविषयक पुस्तकांत इन्फ्लमेशनसाठी ‘दाह’ हाच शब्द रूढ आहे. दाह म्हणजे जळणे. जळते ते विझवावे, एवढाच अर्थ त्यातून निघतो. हे अर्धसत्य होय. प्रतिकारपेशी मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण उद्ध्वस्त करतात हे खरे. परंतु त्या आवरणाचे अवशेष उचलणाऱ्या भक्षकपेशीही त्याच प्रक्रियेचा भाग असतात. अवशेष हटल्याखेरीज नव्या आवरणाची घडण रखडते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. सुश्रुतसंहितेतील ‘व्रणशोथ’ ही संज्ञा आम, पच्यमान व पक्व अशा अवस्था मानते; तिला काळाचे भान आहे, आणि पुढे रोपणाचाही विचार येतो. (सुश्रुताला मायलिन ठाऊक होते, असा दावा अर्थातच हास्यास्पद ठरेल.) आजची औषधे दाह आवरतात, आवरण पुन्हा घडविणारे मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही. ‘दाह शमला’ एवढेच वाचलेल्या रुग्णाला, मग पाऊल जड का, याचे उत्तर या परिभाषेत मिळत नाही.