सुवर्णशोधाच्या कथांतील 'निर्जन' भूमी

सोन्याच्या शोधार्थ रानावनांत शिरलेल्या माणसांच्या साहसकथा म्हणजे लोभाच्या दुष्परिणामाचे दृष्टान्त होत, असा समज समीक्षेत रूढ आहे. जॅक लंडनच्या कथांपुरता तरी तो अपुरा ठरतो. लोभ हा या कथांचा विषय असेल. परंतु त्यांची रचना उभी राहते ती एका निराळ्याच गृहीतकावर. सोने जेथे सापडते ती भूमी कोणाचीच नाही, हे ते गृहीतक होय. भाषेच्या पातळीवर ते कसे सिद्ध केले जाते, एवढेच प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

'ऑल गोल्ड कॅन्यन' (१९०५) या कथेचा आरंभ मनुष्यविरहित दरीच्या वर्णनाने होतो. मग एक खाणशोधक येतो. ओढ्याकाठची माती थाळ्यात धुऊन तो प्रत्येक थाळ्यातील सुवर्णकण मोजतो. पुढे डोंगरउतारावर तो ओळीमागून ओळ खणीत जातो. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीहून आखूड होते, आणि दोन्ही बाजू जेथे मिळतील तेथेच साठा असला पाहिजे, हे तो ताडतो. श्रमाचे इतके काटेकोर गणित ललित गद्यात क्वचितच आढळते. पण हा माणूस बोलतो कोणाशी? स्वतःशी, आणि जमिनीत दडलेल्या साठ्याशी. त्या साठ्याला तो 'मिस्टर पॉकेट' म्हणतो. आपण एखाद्याच्या नावाला 'राव' जोडावा तसे. संबोधनास माणूसच नसल्यामुळे धातूला व्यक्तित्व लाभते. दुसरा माणूस येतो तो अवाक्षर न काढता पाठीमागून गोळी झाडतो. शेवटी दरी पुन्हा निःशब्द होते. तेथे पूर्वी कोणी राहत असावे, अशी शंकाही कथा येऊ देत नाही.

'द कॉल ऑफ द वाइल्ड' (१९०३) या कादंबरीच्या अखेरीस मूलनिवासी येतात, पण केवळ आपत्तीच्या रूपाने. थॉर्नटन व त्याचे सोबती सोने मिळवितात. यीहाट टोळी त्यांचा संहार करते. ही टोळी लेखकाच्या कल्पनेतील आहे. तिला नाव आहे, वाणी नाही.

प्रत्यक्ष इतिहास निराळा आहे. १६ ऑगस्ट १८९६ रोजी रॅबिट क्रीक या ओढ्यात सोने सापडले, तेव्हा शोधकांत तागिश जमातीचा कीश, म्हणजेच स्कूकम जिम, होता. आद्य शोधाचा हक्क मात्र त्याचा गोरा मेहुणा जॉर्ज कार्मॅक याच्या नावे नोंदला गेला. ओढ्याचे नाव बदलून बोनान्झा झाले. 'क्लोंडाइक' हा शब्दही हान भाषेतील 'त्रॉन्देक' या नदीनामाचे परक्या जिभेवर पालटलेले रूप होय. नदीच्या मुखाशी राहणारे हान लोक १८९७ मध्ये मूसहाइड येथे गेले. लंडन त्या प्रदेशात पोहोचला तोही त्याच वर्षी. २०२३ मध्ये युनेस्कोने 'त्रॉन्देक-क्लोंडाइक' या जोडनावाने हा प्रदेश जागतिक वारसा म्हणून नोंदला, तेव्हा मूळ शब्द अपभ्रंशाच्या शेजारी येऊन बसला.

लंडनला हे दिसत नव्हते, असे म्हणता येणार नाही. 'द लीग ऑफ द ओल्ड मेन' (१९०२) या कथेत इंबर नावाचा वृद्ध मूलनिवासी डॉसनच्या न्यायालयात उभा राहतो आणि आपण गोऱ्यांना का मारले, ते दुभाष्यामार्फत सांगतो. त्याचे कथन दीर्घ, संथ व युक्तिवादाने बांधलेले आहे. यीहाटांना नाकारलेली वाणी येथे पूर्णत्वाने मिळते.

एकाच लेखकाच्या हातून, एका वर्षाच्या अंतराने, असा भेद का पडावा? सहानुभूतीच्या कमीअधिकपणाने त्याचे उत्तर मिळत नाही. ते कथाप्रकारात शोधावे लागते. इंबरच्या कथेत कोणी सोने शोधीत नाही. सुवर्णशोधाच्या कथेला मात्र जमीन मोकळी लागते. तेथील रहिवासी बोलू लागला, तर 'सापडले' या क्रियापदाचा अर्थच बदलतो. म्हणून या कथांचे मूल्यमापन करताना नायकाचा लोभ मोजणे पुरेसे नाही. कथेत कोणाला प्रथमपुरुषी 'मी' लाभतो आणि कोणाला लाभत नाही, हे आधी तपासावयास हवे.