अक्षरी रुपये

गेल्या वर्षी मी एक वाक्य लिहिलं आणि त्या वाक्याने पैसे जमवले. 'ही अभ्यासिका बंद पडली, तर या मुलांनी जायचं कुठे?' वर मुलांचा फोटो, खाली क्यूआर कोड. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. सवयीने दोन मजकुरांची ए/बी टेस्ट घेतली. एकात अभ्यासिकेचा महिन्याचा खर्च मांडला होता, दुसऱ्यात हे वाक्य होतं. वाक्य सहज जिंकलं.

अभ्यासिका नायगावातली, एका छोट्या संस्थेची. इथल्या ४२ बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू झाला, तशी ओळखीची कुटुंबं पांगत गेली. कुणी संक्रमण शिबिरात, कुणी भाड्याच्या घरात. दारोदार फिरून जमणारी वर्गणी आटली, वीजबिल थकलं. माझ्या आवाहनामुळे ते भरलं गेलं. पण त्याच आठवड्यात, इतकी वर्षं अभ्यासिकेची किल्ली सांभाळणाऱ्या काकूंनी ते फोनवर वाचलं आणि मला विचारलं, "आपण बिचारे कधीपासून झालो रे?"

फोटोतली दोन मुलं यायची थांबली. संध्याकाळी शिकवायला येणारे स्वयंसेवक गप्प गप्प असायचे. खात्यात पैसे होते आणि माणसं खचली होती. हे कसं झालं, ते शोधायला मी माझाच मजकूर समीक्षेला घेतोय. साहित्यात आपण कथा-कविता तपासतो. पण आपल्या फोनवर रोज सगळ्यात जास्त येणाऱ्या गद्यप्रकारांपैकी एक म्हणजे मदतीचं आवाहन, आणि तो कुणी नीट वाचत नाही.

माझ्या वाक्यात कोण काय करतं ते बघा. अभ्यासिका 'बंद पडते'. मुलं 'कुठे जायचं' म्हणून उभी आहेत. क्रिया करू शकणारा एकच माणूस शिल्लक राहतो, आणि तो वाक्याबाहेर आहे: फोन हातात धरलेला वाचक. त्याने बोट टेकवलं की गोष्ट सुखान्त होते. काकू रोज कुलूप उघडतात, कुणीतरी गळणाऱ्या पंख्याखालचं बाक सरकवतं, कुणी दहावीच्या मुलांना बीजगणित शिकवतं. यातलं कुणीच त्या वाक्यात नाही. जे काम करतात त्यांनाच मी कर्तेपणातून काढून टाकलं होतं. मग त्यांना उमेद कुठून राहणार?

आता दुसरा मजकूर. काकूंच्या कपाटात जुनी पावतीपुस्तकं आहेत, म्हणजे त्यांच्या स्थळप्रती. मजकूर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा: 'श्री. अमुक यांजकडून रुपये अमुक, अक्षरी रुपये अमुक फक्त, साभार पोचले.' खाली तारीख आणि वर्गणी घेणाऱ्याची सही. बस. विशेषण एकही नाही. कुणी रडत नाही, कुणाचा उद्धार होत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पैसे कशाला हवेत याची करुण कहाणी पावतीवर नसते. ती लागतच नाही, कारण देणारा आणि घेणारा एकाच जिन्यातले. अभ्यासिकेचा पंखा गळतो हे देणाऱ्याला ठाऊक असतं. कदाचित तो स्वतःच त्याखाली बसून शिकलेला असतो.

देणगी आणि वर्गणी यांत हाच फरक आहे. देणगी देणारा मोठा होतो, त्याचं नाव फरशीवर कोरलं जातं. वर्गणी देणारा भागीदार होतो. म्हणून तो दारात उभा राहून विचारतो, "मागच्या वर्षीचा हिशेब कुठाय?" पावतीपुस्तक घेऊन जाणाऱ्या पोराला हे ऐकून घ्यावं लागतं. वरवर हा अपमान वाटतो. पण हिशेब विचारला जातो तो बरोबरीच्या माणसाला. बिचाऱ्याला कुणी हिशेब विचारत नाही.

या परिसराने कठीण काळ पुष्कळ पाहिलेत. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. नायगावची स्प्रिंग मिल, कोहिनूर मिल याच पट्ट्यातल्या. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या मुलाखतींतून गिरणगावाचा मौखिक इतिहास उभा केला. तो २००४ साली इंग्रजीत आला. मराठीत 'कथा मुंबईच्या गिरणगावची' या नावाने वाचायला मिळतो. या पुस्तकाची ताकद अशी की त्यात माणसं स्वतः बोलतात, आपल्या गोष्टीचा कर्ता त्यांनी दुसऱ्याला होऊ दिलेलं नाही. हरलेल्या लढाईबद्दल बोलतानाही आवाज विनवणीचा होत नाही. माझी तक्रार एकच: मौखिक इतिहासात आठवणी येतात, वह्या येत नाहीत. कुणाची उधारी कुणी किती महिने थांबवली, ही पानं मला वाचायची होती.

कारण उधारी हाही निधीच होता, फक्त त्याची पावती फाटली नाही. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना पैसे पगारानंतर मिळत. संपात पगार थांबला की त्यांची मिळकतही थांबे, आणि वाण्याचं देणं मात्र चालू राही. संप टिकवणाऱ्यांत त्यांचं नाव क्वचितच घेतलं गेलं. कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी हे हेरलं आणि १९७५ साली या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्यांनी दया मागितली नाही, तर गट करून, एकमेकींच्या हमीवर बँकेचं कर्ज काढलं. कर्ज फेडायचं असतं, म्हणून ते घेणाऱ्याची पत मानतं. हाही पावतीच्याच व्याकरणाचा मजकूर आहे.

कुणी म्हणेल, मग हलाखी दाखवायचीच नाही का? दाखवायची. जयंत पवारांचं 'अधांतर' १९९७ साली रंगभूमीवर आलं. गिरणी कामगाराचं घर, संपाने उद्ध्वस्त झालेलं. पण त्या घरातली माणसं भांडतात, चुकतात, उलट बोलतात. प्रेक्षकाला तिथे तारणहाराची जागा मिळत नाही. खुर्चीत बसून तो नुसता अस्वस्थ होतो. माझ्या आवाहनाने वाचकाला नेमकी तीच आयती जागा दिली होती.

वर्गणीचं गुणगान मात्र डोळे मिटून करता येणार नाही. उत्सवाच्या दिवसांत दुकानदाराच्या काउंटरवर आकडा आधीच लिहून फाडलेली पावती आपण पाहिली आहे. तिला वर्गणी म्हणणं म्हणजे खंडणीला सोज्वळ नाव देणं. त्या जुन्या स्थळप्रतींत बायकांची नावंही फार कमी सापडली. पैसे घरातले, नाव 'श्री.'चं. आणि वर्गणीची मोठी अडचण अशी की संकट सगळ्या वस्तीवर एकदम आलं तर ती आटतेच. सगळ्यांचाच पगार थांबला किंवा सगळीच चाळ पांगली, तर शेजारी शेजाऱ्याला काय देणार? अशा वेळी बाहेरचा पैसा लागतो. अनोळखी माणसाला गळणारा पंखा ठाऊक नसतो, त्याला सांगावं लागतं. म्हणजे ऑनलाइन आवाहन टाळता येत नाही. प्रश्न ते कुठल्या भाषेत लिहायचं एवढाच आहे.

आम्ही ते पान उतरवलं. नवा मजकूर काकू आणि स्वयंसेवकांनी बसून लिहिला, मी फक्त शुद्धलेखन पाहिलं (त्यातही काकूंनी दोन चुका काढल्या). त्यात आता लिहिलंय: अभ्यासिका रोज कोण उघडतं, किती वाजता, महिन्याला भाडं-वीज-वर्तमानपत्रं यांचा खर्च किती, कमी किती पडतात. मुलांचे फोटो नाहीत. दर महिन्याचा जमाखर्च दाराशी लागतो आणि पैसे देणाऱ्या प्रत्येकाला तोच कागद फोनवर जातो. फोटो काढण्याआधी विचारलं नव्हतं, म्हणून मी त्या दोन मुलांच्या घरी जाऊन माफी मागितली. एक परत आला. दुसऱ्याचं घर आता लांब आहे.

खरं सांगायचं तर पैसे पूर्वीपेक्षा हळू येतात. माझ्या ए/बी टेस्टने हे आधीच सांगितलं होतं. टेस्टने क्लिक मोजले होते. आवाहन वाचून काकूंना काय वाटेल याचा रकाना त्यात नव्हता. तो मीच ठेवला नव्हता. पण स्वयंसेवक आता स्वतःहून मजकूर पुढे पाठवतात. आधी त्यांनी तो एकदाही पाठवला नव्हता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मागच्या महिन्यात मीही वर्गणी दिली. रक्कम फोनवरून भरली, तरी काकूंनी पावतीपुस्तक काढलं. नाव लिहिलं, आकडा लिहिला आणि पेन माझ्या हातात दिलं.

"अक्षरी तू लिही," म्हणाल्या. "आणि पुढच्या महिन्यात हिशेब विचारायला ये."