सेमिनरीचे अखेरचे आठवडे : रेनाँच्या आठवणींतील दोन स्वर

युरोपीय कादंबरीला सेमिनरीचे आकर्षण मोठे. स्तांदालच्या ‘तांबडे आणि काळे’ (1830) या कादंबरीतील ज्युलियँ बझाँसाँच्या सेमिनरीत ढोंगाचे धडे गिरवतो आणि एका सरदाराचा चिटणीस होऊन तेथून सुटतो. माशादु द असिसच्या ‘दों कास्मुर्रो’त (1899) आईच्या नवसापायी सेमिनरीत घातला गेलेला मुलगा मित्राच्या युक्तीने बाहेर पडतो. पोम्यालोव्स्कीने रेखाटलेल्या रशियन धर्मविद्यालयाच्या चित्रांत तर छडी आणि घोकंपट्टी यांवाचून दुसरे काही दिसतच नाही. या सर्व कृतींत सेमिनरी हा तुरुंग आहे. आणि तुरुंगातून सुटण्यात नाट्य असले तरी द्वंद्व नसते. ज्या घराविषयी तक्रार करावी असे काहीच नाही, जेथील गुरुजन आदरणीय आणि विद्या खरी आहे, ते घर शिक्षण पुरे होत आले असतानाच सोडावे लागणे, हा अनुभव निराळा. तो एर्नेस्ट रेनाँच्या ‘बालपण आणि तारुण्य यांच्या आठवणी’ (1883) या ग्रंथात सापडतो.

रेनाँचा जन्म 1823 मध्ये ब्रिटनी प्रांतातील त्रेगिए या धर्मपीठाच्या गावी झाला. खलाशी बाप तो पाच वर्षांचा असतानाच समुद्रात गेला. आई आणि बारा वर्षांनी मोठी असलेली बहीण हेन्रिएत यांनी त्याला वाढविले. पुढचा मार्ग सरळ होता : 1838 मध्ये पॅरिसची धाकटी सेमिनरी, मग इसी येथे तत्त्वज्ञान, आणि 1843 पासून सँ-स्युल्पिस येथे ईश्वरविद्या. इसीच्या दिवसांतील एक प्रसंग विसरता येण्याजोगा नाही. एका वादसभेनंतर गोत्फ्रे नावाच्या अध्यापकाने या शांत, आज्ञाधारक विद्यार्थ्याला तो ख्रिस्ती नसल्याचे तोंडावर सुनावले. विद्यार्थ्याला स्वतःला ते कळायला आणखी बराच काळ जावा लागला.

कळले ते हिब्रू व्याकरणातून. सँ-स्युल्पिसमध्ये ल इर हे विद्वान आणि निष्ठावंत अध्यापक हिब्रू शिकवीत. रेनाँ त्यांचा इतका आवडता झाला की प्रारंभिक व्याकरणाचा वर्ग त्यांनी त्याच्याकडेच सोपविला. यशयाच्या ग्रंथाचा उत्तरार्ध यशयाचा नव्हे, दानिएलचा ग्रंथ त्याच्या मानल्या गेलेल्या काळातला नव्हे, पंचग्रंथ मोशेने लिहिलेला नव्हे, अशी एकेक गाठ सुटत गेली. आपली श्रद्धा तत्त्वज्ञानाने नव्हे, वासनेने तर नव्हेच, भाषाशास्त्राने गेली असे रेनाँ आग्रहाने सांगतो. ग्रंथातील ही जागा सर्वांत बळकट आहे. कारण सेमिनरीने विद्यार्थ्याच्या हाती जे शस्त्र दिले, त्याच शस्त्राने तिच्याशी असलेला त्याचा बंध कापला गेला, आणि यात कोणाचाच दोष नव्हता.

प्रश्न उरला तो दीक्षेचा. उपडीकनपद ही त्या काळी परतीची वाट बंद करणारी पायरी होती : आजन्म ब्रह्मचर्य आणि नित्य प्रार्थनापाठ तिच्यापासून सुरू होत. (लॅटिन चर्चने हे पद 1972 मध्ये रद्द केले, आजच्या वाचकाला त्या उंबरठ्याचे भय त्यामुळे थोडे कल्पनेनेच जाणावे लागते.) 1845 च्या उन्हाळ्यात रेनाँ सुटीसाठी आईजवळ त्रेगिएला गेला. आईच्या डोळ्यांपुढे मुलगा धर्मगुरू होऊन गावी परतल्याचे चित्र होते. तिच्याशेजारी बसून त्याने सँ-स्युल्पिसमधील आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकाला पत्र लिहिले, आणि हे पत्र त्याने अडतीस वर्षांनी आठवणींत समाविष्ट केले.

येथेच ग्रंथातील दोन स्वर एकमेकांसमोर येतात. साठीला पोचलेला निवेदक हा फ्रेंच गद्याचा सिद्धहस्त कारागीर आहे. त्याची वाक्ये मंद स्मितात न्हालेली असतात, आणि स्वतःच्या दुःखाकडेही तो दुसऱ्या कोणाच्या दुःखाकडे पाहावे तसे पाहतो. पत्र लिहिणारा बावीस वर्षांचा तरुण मात्र वाक्य पुरे करताना अडखळतो. श्रद्धा परत मिळावी अशी त्याची इच्छाही खोटी नाही. निवेदकाच्या गोडव्याने वाचक कधीकधी कंटाळतो, हे नमूद केले पाहिजे. सर्वांना क्षमा करून टाकण्याची घाई हा रेनाँच्या शैलीचा दोषच आहे. परंतु ते जुने पत्र ग्रंथात जसेच्या तसे राहू देण्यात त्याच्यातील भाषाशास्त्रज्ञाचा प्रामाणिकपणा दिसतो : मूळ साधन पुढे ठेवावे, भाष्य बाजूला ठेवावे.

पॅरिसला परतल्यावर कळले की आर्चबिशपांनी नव्यानेच काढलेल्या उच्च अध्ययनाच्या संस्थेत त्याची नेमणूक झाली आहे. आता टाळाटाळीला जागा नव्हती. 6 ऑक्टोबर 1845 रोजी झगा अंगावर असतानाच तो सेमिनरीच्या पायऱ्या उतरला आणि चौक ओलांडून समोरच्या एका हॉटेलात गेला. इतकेच. रेनाँच्या एरवीच्या विस्तारप्रिय गद्यात हे वर्णन इतके आखूड आहे की त्याची आखूडताच बोलते.

या चित्रात एक व्यक्ती मात्र कडेला राहिली आहे. हेन्रिएत त्या वेळी पोलंडमध्ये एका सरदार घराण्यात शिक्षिका होती. बाहेरच्या जगात भावाने पाऊल ठेवावे म्हणून तिने साठविलेले बाराशे फ्रँक पुढे केले. 1896 मध्ये बहीणभावांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध झाला. त्यावरून आठवणींत जो निर्णय एकाकी वाटतो, तो वस्तुतः दोन मनांनी मिळून घेतला होता हे उघड होते. आपल्या संशयांबद्दल ती त्याच्या आधी निःशंक झाली होती. मराठी वाचकाला येथे ‘स्मृतिचित्रे’ आठवल्यावाचून राहणार नाहीत. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये धर्म बदलला तेव्हा त्या निर्णयाची किंमत ज्या स्त्रीने मोजली, तिनेच पुढे तो इतिहास आपल्या शब्दांत, थट्टा आणि संताप यांसह, सांगितला. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात टिळक आहेत आणि लक्ष्मीबाईही आहेत. हेन्रिएतला असे पुस्तक लिहिता आले नाही. 1860 मध्ये ती भावाबरोबर सीरियाच्या मोहिमेवर गेली, आणि पुढच्या वर्षी तेथेच तापाने वारली. भावाने तिच्यावर लिहिलेली पुस्तिका 1862 मध्ये केवळ शंभर प्रतींत, तीही स्नेह्यांपुरती, छापली. सर्वसामान्य वाचकांच्या हाती ती रेनाँच्या मृत्यूनंतर, 1895 मध्ये पडली.