नाचामागे बसलेले वादक

अमेरिकेतल्या फिलिपिनो कलामंडळांच्या कार्यक्रमाचा एक साचा ठरून गेला आहे. घेरदार पोशाखातली स्पॅनिश वळणाची नृत्ये, बांबूंच्या टाळीतून पाय सोडवणारे तिनिक्लिंग, मग मिंडानाओ बेटावरचा मुस्लीम विभाग. फिलिपीन विमेन्स युनिव्हर्सिटीत १९५७ साली हेलेना बेनितेझ यांनी उभारलेल्या बायानिहान संचाने या मांडणीला प्रतिष्ठा दिली. १९५८च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनानंतर तिचे अनुकरण जगभर झाले. नृत्यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. इथे विचार करायचा आहे तो नर्तकांच्या मागे बसणाऱ्या दोन वाद्यवृंदांचा.

पहिला रोंदाल्या. बांदुरिया, लाउद, ऑक्ताविना, गिटार आणि खर्जाचे बाहो अशी ही तंतुवाद्यांची मंडळी. कूळ स्पॅनिश, पण फिलिपिनो कारागिरांनी बांदुरियाला सहा जोडण्यांत चौदा तारा दिल्या आणि तिचा स्वभावच पालटला. या वृंदाचे संगीत लिहिलेले असते, प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो, नाचाच्या मापात बसणे त्याच्या अंगवळणी पडले आहे. त्यामुळे मंडळात त्याचे नुकसान फारसे होत नाही.

दुसऱ्याची गोष्ट वेगळी. कुलिन्तांग म्हणजे मध्ये उंचवटा असलेले आठ लहान गाँग. मांडणी आपल्या जलतरंगाची आठवण करून देईल, पण इथे वाटीत पाणी नाही आणि सुरांचे ठरलेले माप नाही. दोन संचांचे सूर सहसा जुळत नाहीत, आणि त्यात कोणाला उणेही वाटत नाही. सोबत टांगलेले मोठे आगुंग, बोलीचे चढउतार वाजवून निरोप धाडणारे चार गांदिंगान, ठेका धरणारे बाबेंदिल आणि दाबाकान हा ढोल. मागिंदानाव लोकांत हे लग्नात, सणात, चढाओढीत वाजते. मुख्य गाँगांपुढे परंपरेने स्त्री बसते. रचना किती लांबवायची, कुठे वळवायची, हे तीच ठरवते.

नाचात नेमके हेच हिरावले जाते. मारानावांच्या सिंकिल नृत्याच्या मंचीय रूपात राजकन्या आपटत्या बांबूंमधून चालते. तिची पावले मोजलेली, म्हणून वादकाचे आवर्तनही मोजलेले. मारानाव अभ्यासकांनी या रूपावर आक्षेप घेतले ते बहुधा पोशाख आणि कथेवरून. मला संगीताचे नुकसान अधिक मोठे वाटते, कारण ते दिसत नाही.

यात एक विसंगतीही आहे. अमेरिकेतले बहुसंख्य फिलिपिनो ख्रिस्ती, मूळचे लुझोन-विसायातले. स्पेनला पुरते जिंकता न आलेल्या दक्षिणेच्या गाँगांत त्यांना वसाहतपूर्व स्वत्व सापडते. म्हणजे ‘आपले’ म्हणून मिरवायचे ते शेजाऱ्याचे, आणि ‘परके’ म्हणून ज्याची क्षमा मागायची तो रोंदाल्या घरचा. उसनवारीला माझी हरकत नाही. पण उसने घेतलेले ऐकावे तरी.

ऐकणे शक्य आहे, याचा पुरावा दानोंगान कालंदुयान. मिंडानाओतून ते १९७६ साली सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये शिकवायला आले, पुढे पालाबुनियान हा संच उभा केला, १९९५ साली त्यांना अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली. २०१६ साली ते गेले, तोवर या परंपरेबाहेर जन्मलेले कितीतरी फिलिपिनो तरुण त्यांच्याकडून गाँग वाजवायला शिकले होते.

मंडळांचे चालक म्हणतील, नाच नसेल तर मुले येणारच नाहीत. खरे आहे. आमच्याकडेही परदेशातली मंडळे ढोल-ताशाच्या जोरावरच पोरे जमवतात. पण दोन तासांच्या कार्यक्रमात दहा मिनिटे रंगमंच मोकळा ठेवून गाँग पुढे आणायला खर्च काही येत नाही. अडचण एवढीच की त्या दहा मिनिटांत रचना कधी संपणार, हे वाजवणारीलाच ठाऊक असेल, प्रकाशयोजना सांभाळणाऱ्याला नव्हे.